सीपॅप यंत्र घेऊन गावी, वारीला, यात्रेला जाताना : बॅटरीचा हिशेब आणि तयारी



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत रात्री उशाशी एक छोटे यंत्र आले आहे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असलेल्यांना डॉक्टर हे सीपॅप यंत्र देतात. सुरतमधल्या घरी त्याची काही अडचण नसते. अडचण येते ती उन्हाळ्यात गावी जाताना, चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघताना, आषाढीच्या वारीत किंवा रात्रीच्या रेल्वेत. तिथे रात्रभर वीज मिळेलच असे नाही. मग काही जण यंत्र घरी ठेवून जातात, तर काही जण जाणेच सोडून देतात. आमच्या मते या दोन्हींची गरज नाही. यंत्राला किती वीज लागते याचा हिशेब एकदा नीट समजला की बॅटरीवर सोय होऊ शकते. तो हिशेब आणि त्यासोबतची तयारी येथे एकत्र देत आहोत.

हे मार्गदर्शन सोयीपुरते आहे. यंत्राचा दाब, वापर किंवा औषध यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करू नये.

यंत्र काय करते आणि ते का सोडू नये

झोपेत घशातील स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत त्यामुळे श्वासनलिकेचा वरचा भाग मिटतो, श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू कमी होतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. असे रात्रीतून अनेकदा घडते. सकाळी उठल्यावर डोके जड, दिवसा डुलक्या आणि पुढे रक्तदाब व हृदयाचे त्रास असा हा क्रम आहे. सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा सौम्य, सतत दाब देते, त्यामुळे वाट मिटत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत प्रथम मांडली.

आपल्याकडे अजूनही 'घोरतो म्हणजे गाढ झोपतो' असेच समजतात. प्रत्यक्षात ती झोप गाढ नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केला आणि त्याचे नाव अनेक घरांत प्रथमच पोहोचले.

यंत्र हा विकार बरा करत नाही, ज्या रात्री लावाल त्या रात्रीपुरता आवरून धरते. चार रात्री यंत्राविना काढल्या की दिवसाची झोप परत येते. गावाहून परतताना गाडी चालवणारी व्यक्ती तीच असेल, तर धोका तिच्यापुरता राहत नाही. नंदुरबार, धुळे किंवा जळगावहून सुरतेला येणाऱ्या रस्त्यावर दुपारी चाकावर लागलेली एक डुलकी पुरेशी असते.

पहिला आकडा : वॅट-तास

बॅटरीवर 'ॲम्पिअर-तास' किंवा 'एमएएच' लिहिलेले असते आणि दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. पण तुलना करायची तर वॅट-तासात करावी. सूत्र साधे आहे : व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास म्हणजे वॅट-तास.

वीजबिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी, बंद ठेवली तर बहुतेक सीपॅप यंत्रे मध्यम दाबाला साधारण १० वॅटच्या आसपास वीज घेतात. आठ तासांचे झाले ८० वॅट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये बारा रात्री. इतकी कमी वीज लागते म्हणूनच बॅटरीवर हे जमते.

ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी सुरू केली की चित्र बदलते, कारण पाणी तापवायला वीज लागते. तेव्हा यंत्र ३० ते ६० वॅट घेऊ शकते. याशिवाय डॉक्टरांनी ठरवलेला दाब जास्त असेल किंवा मास्कमधून हवा गळत असेल, तरीही खर्च वाढतो. म्हणून प्रवासाआधी मास्कची गादी झिजली असेल तर बदलून घ्यावी.

आपल्या यंत्राचा खरा आकडा घरीच काढता येतो. वीजवस्तूंच्या दुकानात सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. त्यावर यंत्र दोन रात्री चालवा, एक रात्र ह्युमिडिफायरसह आणि एक रात्र त्याविना. अडॅप्टरवर ६५ किंवा ९० वॅट असे छापलेले असते. ती त्याची कमाल क्षमता आहे, रोजचा खर्च नव्हे. त्या आकड्यावरून बॅटरी घेतली तर गरजेच्या कित्येक पट मोठी घेतली जाते.

दुसरा आकडा : किती बॅटरी घ्यावी

समजा खर्च १० वॅट आहे आणि झोप आठ तासांची.

रात्रीची गरज : ८० वॅट-तास.
व्होल्टेज बदलताना होणारी सुमारे १० टक्के घट धरून : ८८ वॅट-तास.
त्यावर २० टक्के राखीव : सुमारे १०६ वॅट-तास.

मध्ये चार्जिंग मिळणार नसेल तर तीन रात्रींना ३१८ वॅट-तास लागतील. १२.८ व्होल्ट, ३० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ३८४ वॅट-तासांची असते, ती या तीन रात्रींना पुरते.

आता तेच गणित ह्युमिडिफायरसह, ४० वॅट धरून करू. रात्रीला ३२० वॅट-तास, घट आणि राखीव धरून सुमारे ४२२ आणि तीन रात्रींना १,२६७ वॅट-तास. म्हणजे चौपट बॅटरी, त्याच प्रमाणात वजन आणि किंमत. म्हणून विजेपासून दूर जाताना ह्युमिडिफायर बंद ठेवणे हा बचतीचा सर्वांत मोठा मार्ग आहे. नाक कोरडे पडत असेल तर काही यंत्रांसाठी ओलावा धरून ठेवणारा छोटा फिल्टर मिळतो. नाकात टाकायच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारावे. मात्र ह्युमिडिफायरविना झोप लागते का, हे निघण्याआधी घरी तीन-चार रात्री करून पाहावे.

बॅटरीचे प्रकार

लेड-ॲसिड बॅटरी : घरच्या इन्व्हर्टरची किंवा यूपीएसची. स्वस्त, सर्वत्र मिळणारी, पण जड. ती अर्ध्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून छापील क्षमतेच्या निम्मीच आपली समजावी. यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तासांची असते. तिची निम्मी क्षमता म्हणजे ४२ वॅट-तास, जेमतेम अर्धी रात्र.

लिथियम आयर्न फॉस्फेट : किंमत जास्त, पण वजन बरेच कमी, आयुष्य लांब आणि क्षमतेच्या ८० ते ९० टक्के वापरता येते. दोन-चार रात्रींच्या प्रवासाला हीच सोयीची. चार्जर मात्र याच जातीच्या बॅटरीचा हवा, लेड-ॲसिडचा जुना चार्जर लावू नये.

पोर्टेबल पॉवर स्टेशन : वरचीच लिथियम बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर आणि सॉकेट एका डब्यात. ज्यांना तारांची जोडाजोड नको त्यांच्यासाठी उत्तम.

मोबाइलची पॉवर बँक : २०,००० एमएएचची पॉवर बँक मोठी वाटते, पण आत ३.७ व्होल्टचे सेल असल्याने ती ७४ वॅट-तासांचीच असते. शिवाय सीपॅपला साधे यूएसबी चालत नाही. काही छोटी प्रवासी यंत्रे योग्य कन्व्हर्टर लावून मोठ्या पॉवर बँकेवर चालतात, पण यंत्राच्या कंपनीने तसे लिहिले असेल तरच.

मोटारीची बॅटरी : ती इंजिनाला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनलेली असते, रात्रभर हळूहळू उतरण्यासाठी नव्हे. आडरानात रात्री तिच्यावर यंत्र चालवले आणि सकाळी गाडी सुरूच झाली नाही, तर दुसरीच पंचाईत. गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या सॉकेटवरून आपली वेगळी बॅटरी चार्ज करून घेणे हा तिचा योग्य उपयोग.

कोणतीही लिथियम बॅटरी घेताना बीआयएस नोंदणीचा शिक्का पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. सुटे सेल जोडून दिलेला बिननावाचा डबा स्वस्त पडतो, पण तो उशाशी ठेवून आपण झोपणार आहोत.

जोडणी : थेट डीसी की इन्व्हर्टर

भिंतीतील वीज २३० व्होल्ट एसी असते, पण सीपॅप आतून डीसीवर चालते. अडॅप्टर तेच रूपांतर करतो. उदाहरणार्थ, रेसमेडची एअरसेन्स १० आणि ११ ही यंत्रे २४ व्होल्टवर चालतात, तर फिलिप्सचे ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर. आपला आकडा अडॅप्टरवर 'आउटपुट'पुढे लिहिलेला असतो.

थेट डीसी जोडणी म्हणजे बॅटरी, मग यंत्राच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर आणि मग यंत्र. २४ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्टची बॅटरी सरळ जोडता येत नाही, मध्ये व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. हा मार्ग सर्वांत काटकसरीचा.

इन्व्हर्टरमार्गे गेलो तर बॅटरीचे डीसी आधी एसी होते आणि अडॅप्टर त्याचे पुन्हा डीसी करतो. दोन्ही वेळा घट होते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पाच-दहा वॅट घेतो. दहा वॅटच्या यंत्रासाठी रात्रीचा खर्च ८० ऐवजी १६० वॅट-तासांच्या घरात जाऊ शकतो. पॉवर स्टेशन वापरणाऱ्यांनीही शक्यतो त्याचे एसी सॉकेट न वापरता १२ व्होल्टचे डीसी सॉकेट वापरावे. इन्व्हर्टर लागलाच तर तो प्युअर साइन वेव्ह असावा. गावाकडच्या घरांत अजून जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहेत. त्यांच्यावर पंखा आणि दिवे चालतात, पण सीपॅपचा अडॅप्टर तापू शकतो किंवा बिघडू शकतो.

प्लगचा आकार जुळला म्हणून कोणतीही वायर लावू नये. व्होल्टेज आणि धन-ऋण टोके चुकली तर महागडे यंत्र क्षणात निकामी होते.

कुठे जाताना काय करावे

रेल्वे : तापी मार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आग लागू नये म्हणून पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यातील चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्यास सुरुवात केली. नेमकी तीच आपल्या झोपेची वेळ. डब्यातील सॉकेट ११० व्होल्टचे असते. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतात, पण वीजच नसेल तर त्याचा उपयोग नाही. रात्रीच्या गाडीत बॅटरी सोबत हवीच आणि शक्यतो खालचा बर्थ मागावा. खासगी स्लीपर बसमध्येही सॉकेट आहे म्हणजे रात्रभर वीज आहे असे धरू नये.

गाव : मे महिन्यात अवकाळी वादळात खांब पडतात आणि एक-दोन दिवस वीज येत नाही. मुक्काम आठवड्याचा असला तरी दोन रात्रींची बॅटरी पुरते, मात्र वीज आली की ती लगेच भरून ठेवावी. तापत्या पत्र्याखाली किंवा उन्हात बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये.

सप्तशृंगी आणि वारी : गडावरचा चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो आणि खानदेशाबरोबर सुरतेहूनही भाविक पायी जातात. वाटेत मुक्काम शाळा, मंदिर किंवा मांडवात असतो. आषाढी वारीत तर आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीच आठवडे तंबूत राहावे लागते. येथे बॅटरी दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवावी आणि दिवसा जिथे वीज मिळेल तिथे चार्ज करावी. जनरेटरच्या विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून त्यावर यंत्र थेट न लावता बॅटरी भरावी आणि यंत्र बॅटरीवर चालवावे. शंभर वॅटचे घडीचे सौर पॅनेल चैत्रातल्या उन्हात चार-पाच तासांत २५० वॅट-तासांच्या आसपास वीज देऊ शकते. आषाढात ढग असतात, तेव्हा त्याच्या भरवशावर निघू नये. धुळीमुळे हवेचा फिल्टर लवकर भरतो, दोन-तीन जादा ठेवावेत.

दिंडीप्रमुखांना आणि शेजारी झोपणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. मास्क पाहून लोक पहिल्या रात्री विचारतात, दुसऱ्या रात्री विसरतात. घोरणे बंद झाल्याने शेजाऱ्याची झोपही चांगली होते.

विमान : १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्ये नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. १६० च्या वरची प्रवासी विमानात चालत नाही, त्यामुळे पॉवर स्टेशन घरीच राहील. सुटी बॅटरी चेक-इन सामानात कधीही टाकू नये. यंत्रही हातातल्या बॅगेतच असावे. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि विमान कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवावे. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी तिथल्या सॉकेटचा जोडप्लगही घ्यावा.

उंचावरची यात्रा : हवा विरळ झाली की यंत्राला तोच दाब देण्यासाठी जास्त फिरावे लागते. अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत सुमारे २,६०० मीटरपर्यंतच वापर सांगितलेला असतो. केदारनाथ ३,५०० मीटरच्या वर आहे. तिथे केवळ बॅटरीचा प्रश्न नसतो, उंचीवर झोपेतील श्वासाची लयही बदलते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नोंदणी करू नये.

प्रवास नसला तरी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आलेला पूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. अडाजण, रांदेरसह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि वीज नसलेल्या रात्री लोकांनी वरच्या मजल्यांवर काढल्या. तेव्हा सीपॅप असलेली घरे फार थोडी होती, आज ती संख्या मोठी आहे. प्रवासासाठी घेतलेली बॅटरी पावसाळ्यात भरून, वरच्या कपाटात ठेवली तर तीच घरी कामाला येते. लिथियम बॅटरी दोन-तीन महिने वापरली नाही तरी मधून चार्ज तपासावी.

मध्यरात्री बॅटरी संपली तर

घाबरू नये. मास्कला हवा बाहेर जाण्याची वाट असते, पण यंत्र बंद पडल्यावर मास्क लगेच काढून ठेवावा. उताणे न झोपता कुशीवर झोपावे, डोके व खांदे थोडे उंच ठेवावेत. मद्य टाळावे आणि डॉक्टरांनी न सांगितलेली झोपेची गोळी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.

हे सर्व साध्या सीपॅपसाठी आहे. फुप्फुसे, स्नायू किंवा हृदयाच्या आजारामुळे बायपॅपवर असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी एक रात्रही महत्त्वाची असू शकते. प्राणवायूचे कॉन्सन्ट्रेटर यंत्र तर ३०० वॅटच्या आसपास वीज घेते. आठ तासांना २,४०० वॅट-तास लागतात, म्हणजे येथे सांगितलेल्या बॅटऱ्या त्याला पुरणार नाहीत. अशा रुग्णांनी मुक्काम खात्रीच्या विजेच्या ठिकाणीच करावा.

निघण्यापूर्वीची यादी

१. बॅटरी पूर्ण भरून घरी एक संपूर्ण रात्र यंत्र तिच्यावर चालवून पाहिले आणि सकाळी किती उरली ते लिहून ठेवले.
२. यंत्राचा मूळ अडॅप्टर, डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरीचा चार्जर तिन्ही बॅगेत आहेत.
३. ह्युमिडिफायरची टाकी रिकामी आणि कोरडी आहे. पाणी राहिले तर हलताना यंत्राच्या आत जाते.
४. जादा फिल्टर, मास्कची जादा गादी, एक्स्टेन्शन वायर, टॉर्च आणि पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी घेतली आहे.
५. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि यंत्राचा दाब लिहिलेला कागद पाकिटात आहे.
६. मुक्कामी बॅटरी घट्ट पृष्ठभागावर, उघड्या हवेत ठेवायची, गोधडीखाली नाही. उदबत्ती, कापूर आणि स्टोव्ह दूर.
७. सोबतच्या एका व्यक्तीला यंत्र सुरू-बंद करणे आणि मास्क काढणे दाखवले आहे.

यातील पहिली बाब सर्वांत महत्त्वाची. कागदावरचा हिशेब बरोबर असला तरी बॅटरी जुनी असू शकते, वायर सैल असू शकते. घरची एक रात्र ते सगळे दाखवून देते.

मंडळाच्या सहली आणि यात्रा ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की नावनोंदणीच्या अर्जात 'रात्री सीपॅप यंत्र लागते का?' हा प्रश्न घालावा. मुक्कामाच्या खोलीत उशाजवळ एक चालू सॉकेट मिळाले तर बॅटरीची गरजही उरत नाही, आणि विचारायला संकोच वाटणारे सभासद यात्रेला यायला तयार होतात.